जहाजावर पहिल्यांदा जॉइन होताय? सुरक्षेची ड्यूटी अशी समजून घ्या

जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स संपला किंवा डेक कॅडेट म्हणून पहिलं जॉइनिंग लेटर आलं, की घरचे विचारतात पगार किती आणि जहाज जाणार कुठे. दहशतवादी हल्ल्यापासून जहाज वाचवणं हे तुमच्या कामात येतं, हे कोणाच्या डोक्यातही नसतं. ते नौदलाचं, कोस्ट गार्डचं, फार तर बंदराच्या गेटवर उभ्या असलेल्या सीआयएसएफच्या जवानांचं काम, अशी समजूत. प्रत्यक्षात जेटीला लागलेल्या व्यापारी जहाजावर चढणाऱ्या माणसाला हटकतो तो बहुतेक वेळा जहाजावरचा सगळ्यात नवा ओएस (सगळ्यात खालच्या हुद्द्याचा खलाशी) किंवा कॅडेट. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी, आणि समोर त्याच्यापेक्षा वयाने नि हुद्द्याने मोठा माणूस. कोर्समध्ये कलमं पाठ करून घेतात, पण तिथे उभं राहून नेमकं काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. ते इथे सांगतो.

१. नियम कुठून आले ते आधी बघा

इतिहास वाचायचा कंटाळा येतो, पण चार घटना माहीत असल्या की चेकलिस्टमधली प्रत्येक ओळ का आहे ते कळतं.

१९८५ च्या ऑक्टोबरमध्ये 'अकिले लाउरो' या इटालियन प्रवासी जहाजाचं अपहरण झालं. अपहरणकर्ते प्रवासी बनूनच चढले होते. त्यातून १९८८ चा सुआ करार आला, म्हणजे जहाजावरच्या अशा कृत्यांना आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवणारा करार. १२ ऑक्टोबर २००० ला एडन बंदरात इंधन भरत असलेल्या 'यूएसएस कोल' या अमेरिकी युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली छोटी बोट येऊन भिडली आणि १७ नौसैनिक मेले. दोन वर्षांनी, ६ ऑक्टोबर २००२ ला, येमेनच्याच किनाऱ्याजवळ 'लिंबर्ग' या तेलवाहू जहाजावर तसाच हल्ला झाला. मधल्या काळात ११ सप्टेंबर होऊन गेलं होतं. डिसेंबर २००२ मध्ये लंडनला आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली, मंजूर झाला आणि १ जुलै २००४ पासून लागू झाला.

हा कोड आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजांना, ५०० ग्रॉस टनेजपासून पुढच्या मालवाहू जहाजांना आणि ती जिथे लागतात त्या बंदरांना लागू आहे. मासेमारी होड्या त्यात येत नाहीत. आपल्याकडचे दोन्ही मोठे घाव नेमके तिथूनच बसले. १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं ते रायगडच्या शेखाडीसारख्या किनाऱ्यावर, आणि २६ नोव्हेंबर २००८ ला कसाब आणि त्याचे साथीदार आले ते 'कुबेर' हा पोरबंदरचा ट्रॉलर पळवून. मुंबईजवळ आल्यावर ते रबरी बोटीतून बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढची साखळी हलली नाही, पण पहिली कडी जागी होती.

२. कागद गोळा करा

निघण्याआधी हे सगळं एका फोल्डरमध्ये हवं, आणि स्कॅन केलेल्या प्रती ईमेलवर:

- पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाची नोंदवही), दोन्हींची मुदत करार संपेपर्यंत पुरेल अशी
- इंडोस नंबर, म्हणजे भारतीय खलाशांच्या सरकारी नोंदीतला तुमचा क्रमांक
- एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) मूलभूत कोर्स: जीव वाचवणे, आग, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता
- एसटीएसडीएसडी, म्हणजे सुरक्षेची नेमून दिलेली ड्यूटी करणाऱ्यांसाठीचं प्रशिक्षण. हे नसेल तर तुम्हाला गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्यावर, पहाऱ्याला उभं करता येत नाही
- बीएसआयडी, म्हणजे खलाशाचं बायोमेट्रिक ओळखपत्र. आपल्याकडे ते २०१९ पासून मिळतं
- डीजी शिपिंगमान्य (केंद्र सरकारचं जहाज वाहतूक महासंचालनालय) डॉक्टरचं मेडिकल आणि यलो फीवरचं कार्ड
- जहाज अमेरिकेला जाणार असेल तर सी१/डी व्हिसा
- सही केलेल्या कराराची प्रत. नुसता फोटो काढून समाधान मानू नका

दोन सापळे. पहिला, 'कोर्सला न बसता सर्टिफिकेट देतो' म्हणणारे. ते सर्टिफिकेट डीजी शिपिंगच्या नोंदीशी ताडलं की उघडं पडतं, आणि सीडीसीच धोक्यात येते. दुसरा, नोकरीसाठी पैसे मागणारा एजंट. खलाशी भरती करायला आरपीएसएल, म्हणजे डीजी शिपिंगचं भरतीचं, लायसन्स लागतं आणि लायसन्सवाल्यालाही तुमच्याकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत. लायसन्स नंबर डीजी शिपिंगच्या साइटवर टाकून बघा. कोकणात, साताऱ्यात, सांगलीत ओळखीतल्या कोणाच्या तरी शब्दावर लाखो रुपये देऊन बसलेली मुलं दर वर्षी भेटतात. त्यातली काही मग अशा जहाजांवर पोचतात, जिथे सुरक्षा वगैरे सोडाच, पगारही वेळेवर होत नाही.

३. पहिल्या दिवशी सही करण्याआधी फिरून या

जहाजावर चढलात की एसएसओ, म्हणजे शिप सिक्युरिटी ऑफिसर, तुम्हाला सुरक्षेची तोंडओळख करून देतो. बहुतेक जहाजांवर हे पद चीफ ऑफिसरकडे असतं, काही ठिकाणी कॅप्टनकडेच. ड्यूटी लावण्याआधी ही ओळख करून देणं बंधनकारक आहे. होतं काय, की जहाज बंदरात, कार्गो चालू, चीफ ऑफिसरला श्वास घ्यायला वेळ नाही. तो एक फॉर्म पुढे सरकवतो, दहा ठिकाणी खुणा केलेल्या, खाली तुमची सही. नव्या पोराला नाही म्हणवत नाही.

नाही म्हणू नकाच. म्हणा, "सर, जागा बघून येतो, मग सही करतो." बोसनबरोबर (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) नाहीतर थर्ड मेटबरोबर (कनिष्ठ डेक ऑफिसर) एक चक्कर मारा आणि एवढं बघून घ्या: प्रतिबंधित जागा कोणत्या (ब्रिज, इंजिन रूम, स्टिअरिंग गिअर रूम, आग विझवायच्या वायूची सीओटू रूम वगैरे), कुठली दारं बंदरात आतून बंद असतात, सुरक्षेचा अलार्म झाला तर गोळा कुठे व्हायचं, आणि सिटाडेल कुठे आहे. सिटाडेल म्हणजे हल्लेखोर चढले तर सगळ्यांनी आत जाऊन कोंडून घ्यायची मजबूत जागा.

एसएसएएसचं बटण कुठे आहे ते तुम्हाला दाखवतील किंवा दाखवणारही नाहीत. हा मूक इशारा आहे. दाबलं तर जहाजावर काहीच वाजत नाही, संदेश थेट कंपनीला आणि फ्लॅग स्टेटला, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलंय त्याला, जातो. बटणं किमान दोन जागी असतात, त्यातलं एक ब्रिजवर. ब्रिज पुसायला दिला तर कुठलंही झाकण उत्साहाने उघडून आत पुसू नका. चुकून दाबलं गेलं की मध्यरात्री कंपनीत फोन खणखणतात.

शिप सिक्युरिटी प्लॅन मागितलात आणि मिळाला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. तो गोपनीय असतो. तपासणीला आलेल्या बंदर अधिकाऱ्यालाही तो एरवी पूर्ण बघता येत नाही. तुम्हाला तुमच्या ड्यूटीपुरतं सांगितलं जाईल.

४. गँगवे वॉच

इथे वेळ घालवा, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

उभं राहायचं ते जिन्याचं खालचं टोक आणि वरचा प्लॅटफॉर्म दोन्ही दिसतील असं. पाऊस आहे म्हणून अकोमोडेशनच्या (राहण्याच्या भागाच्या) दारात आडोशाला गेलात, की माणूस तुमच्यासमोर येईपर्यंत दिसत नाही. त्याला वर येण्याआधी हटकायचं असतं.

चढणाऱ्या प्रत्येकाकडून: ओळखपत्र, नाव, कुठल्या कंपनीचा, कोणाला भेटायचंय. फोटो आणि चेहरा ताडून बघा. हे सांगायला फालतू वाटतं, पण मी पाहिलेल्या बहुतेक गँगवेवर पोरं कार्डवरचा नंबर उतरवून घेतात आणि चेहऱ्याकडे बघतच नाहीत. मग ड्यूटी ऑफिसरला रेडिओवर कळवा, त्याने हो म्हटल्यावर व्हिजिटर पास द्या, वेळ लिहा. बॅग असेल तर ती त्याला स्वतःला उघडायला सांगा. तुम्ही हात घालू नका. उद्या काही हरवल्याचा आरोप आला तर निस्तरणं अवघड जातं.

आता सापळे.

कोट घातलेला, हातात फाइल, तरातरा वर येणारा माणूस. 'पोर्ट स्टेट कंट्रोल' (बंदराच्या देशाची जहाज तपासणी यंत्रणा) एवढंच म्हणून तो पुढे चालू लागतो. नवखा पोरगा बाजूला होतो, वर सलामही करतो. कित्येकदा हीच परीक्षा असते. ओळखपत्र न मागता आत सोडलंत, तर त्या इन्स्पेक्टरचा पहिला शेरा तिथेच लिहून होतो, आणि मग तो बाकीचं जहाज जास्त बारकाईने बघतो. "आयडी प्लीज, सर," एवढंच म्हणायचं. ओळख दाखवायला नकार देणारा कोणीही असो, त्याला थांबवून एसएसओला बोलवायचं. नम्रपणे अडवलं म्हणून कोणी तुमच्यावर कारवाई करत नाही. न अडवता सोडलं म्हणून मात्र करतात.

दुसरा: "शिप्स ऑफिस कुठेय, जरा दाखव ना." तुम्ही दाखवायला आत गेलात, गँगवे मोकळा. सोबत न्यायला दुसऱ्याला बोलवा. तो येईपर्यंत पाहुणा तुमच्याशेजारी उभा राहील. त्याला घाई असेल, असू दे.

तिसरा: ओळखीचे चेहरे. एजंटचा माणूस सकाळपासून चौथ्यांदा येतोय, स्टीव्हडोर, म्हणजे माल चढवणारे-उतरवणारे कामगार, पंधरा जणांच्या घोळक्याने चढतायत. इथे पोरं एकाच ओळीत 'स्टीव्हडोर १५' लिहून मोकळी होतात. उतरताना चौदा उतरले तर कोण राहिला ते सांगता येणार आहे का? फोरमनकडून यादी घ्या, माणसं मोजा, उतरताना पुन्हा मोजा.

चौथा सापळा चहापाण्याचा. सिगारेटचं पाकीट, सिमकार्ड, शंभर डॉलर, 'एवढी पिशवी आमच्या माणसाला दे' अशी विनंती. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात कस्टम आणि पोलिसांतले काही जण दोषी ठरले. त्यांनी माल उतरू दिला होता. चांदी आहे, नेहमीचंच आहे, असं समजून डोळेझाक करणाऱ्याला आत काय आहे ते कधीच ठाऊक नसतं. पिशवी कोणाचीही असो, नोंद आणि तपासणी झाल्याशिवाय वर येत नाही. तुमच्या जहाजावरच्या माणसाची असली तरी.

स्टोअर आणि प्रोव्हिजन येतं तेव्हा डिलिव्हरी नोट हातात घेऊन नग मोजा. एक खोका जास्त असेल तर 'बरंच झालं' म्हणू नका. २७ फेब्रुवारी २००४ ला मनिलाहून निघालेल्या 'सुपरफेरी १४' वर ११६ माणसं मेली. बॉम्ब एका टीव्ही सेटमध्ये घालून चढवला होता आणि तो आणणारा जहाज सुटण्याआधी उतरून गेला होता. ज्याचा मालक दिसत नाही अशी वस्तू म्हणूनच गंभीरपणे घ्यायची. हात लावू नका, हलवू नका, आजूबाजूला कोणाला येऊ देऊ नका आणि एसएसओला कळवा. कळवताना त्या वस्तूपासून लांब जा आणि मग रेडिओ वापरा.

समुद्राची बाजूही तुमचीच. गँगवेवाल्याची नजर दिवसभर जेटीवर असते, आणि 'कोल'ला बोट भिडली होती ती पाण्यातून. दर थोड्या वेळाने पलीकडच्या कठड्यावर जाऊन खाली बघायला डेकवरच्या राउंडवाल्याला सांगा. पायलट लॅडर (बाजूची दोरशिडी) लोंबकळत ठेवायची नाही. अँकरवर असाल तर साखळी ज्यातून बाहेर जाते त्या हॉजपाइपवरचं झाकण घट्ट हवं. छोट्या होड्यांतून फळं, सिम, चपला विकायला येणारे जवळ आले तर दोर खाली सोडू नका, आधी ड्यूटी ऑफिसरला कळवा.

वॉच देताना रजिस्टर नुसतं हातात देऊ नका. आत्ता जहाजावर बाहेरची माणसं किती, कोण, कुठे, हे तोंडी सांगा. आणि सुटण्याआधी 'आउट'चा रकाना रिकामा असलेली एकही ओळ उरता कामा नये. वेळ ठोकून देऊन रकाने भरणं हा आपल्या धंद्यातला जुना रोग आहे. तो माणूस खरंच उतरला का, ते शोधा.

५. पातळी एक, दोन, तीन

गँगवेजवळच्या फळ्यावर सिक्युरिटी लेव्हल लिहिलेली असते. एक म्हणजे रोजची दक्षता. दोन म्हणजे धोका वाढलाय: तपासण्या जास्त, आत यायचे रस्ते कमी, पहारा दुप्पट. तीन म्हणजे हल्ला होण्याची दाट शक्यता आहे किंवा होतोय, तिथे सरकारी यंत्रणांचे हुकूम चालतात. जहाजाची पातळी फ्लॅग स्टेट ठरवतं, बंदराची त्या देशाचं सरकार. बंदराची वरची असेल तर जहाजाला आपली तेवढी वाढवावी लागते. दोघांत फरक असला की एसएसओ आणि बंदराचा पीएफएसओ (बंदराचा सुरक्षा अधिकारी) मिळून कोण काय करणार याचा लेखी करार करतात. तुमचं काम एवढंच: वॉच घेताना फळा वाचा आणि या पातळीला आपल्या ड्यूटीत काय बदलतं ते विचारा.

सराव दर तीन महिन्यांनी एकदा तरी व्हायलाच हवा. नव्या माणसांचा भरणा पाव भागापेक्षा जास्त झाला तर आठवड्याच्या आत. सरावाचा फक्त फोटो काढून फाइल भरली जात असेल, तर निदान तुम्ही तरी आपली जागा आणि वाट पाठ करून ठेवा.

६. सुटण्याआधीची झडती

झडतीत प्रत्येकाला भाग वाटून देतात. टॉर्च, रेडिओ आणि जोडीदार घेतल्याशिवाय जाऊ नका. बंद टाकी किंवा कोंदट जागेत 'जरा डोकावतो' म्हणून उतरायचं नाही. ऑक्सिजन मोजल्याशिवाय उतरून मेलेल्या खलाशांची यादी लांब आहे. लाइफबोट, पेंट लॉकर, क्रेनची केबिन, फनेलच्या आतली बाजू, चेन लॉकरचं तोंड, कंटेनरांच्या मधल्या फटी बघा. लॉकरना नंबरचं सील लावलेलं असेल तर ते शाबूत आहे एवढ्यावर थांबू नका, नंबर नोंदीशी जुळवा. सुकाणूच्या वरची पोकळी जहाजावरून सहज दिसत नाही. २०२२ मध्ये लागोसहून निघालेल्या एका टँकरच्या सुकाणूवर बसून तीन माणसं ११ दिवसांनी कॅनरी बेटांवर पोचली होती. ते बिचारे पोटासाठी निघाले होते, पण जिथे तीन माणसं मावतात तिथे दुसरंही काही मावतं.

७. मोबाइल आणि पेनड्राइव्ह

'उद्या सुएझ!' असं लिहून ब्रिजवरून स्टेटस टाकू नका. फॅमिली ग्रुपवरही नाही, कारण तिथून तो मेसेज आत्या, मावशी करत गावभर जातो. जहाजाचं नाव, मार्ग, काटेरी तारा, पहाऱ्याची वेळ, सशस्त्र रक्षक आहेत की नाहीत, यातलं काहीच बाहेर जाता कामा नये. घरी तब्येत कळवा, पोचल्यावर बंदर कळवा.

ब्रिजवरच्या किंवा कार्गोच्या कॉम्प्युटरला मोबाइल चार्जिंगला लावणं, पिक्चरचा पेनड्राइव्ह खुपसणं बंद. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीची यंत्रणा बसली तेव्हा न्हावाशेव्याचं एक टर्मिनलही ठप्प झालं होतं.

८. जहाज धोक्याच्या पट्ट्यात जाणार असेल तर

नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्र आणि एडनचं आखात हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' ताब्यात घेतलं. त्यावरचे २५ जण जानेवारी २०२५ मध्ये सुटले. २३ डिसेंबर २०२३ ला गुजरातपासून दूर समुद्रात 'केम प्लुटो'वर ड्रोन आदळला, त्यावर बहुतेक भारतीयच होते. पुढच्या महिन्यात 'मार्लिन लुआंडा' पेटलं तेव्हा त्यावर २२ भारतीय होते आणि आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमची माणसं गेली. ६ मार्च २०२४ ला 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी मेले.

अशा वेळी जहाजावर काय होतं? कॅप्टन यूकेएमटीओला (व्यापारी जहाजांची खबर ठेवणारं ब्रिटिश नौदलाचं केंद्र) कळवत राहतो, लुकआउट वाढतात, रात्री दिवे झाकतात, बाहेरच्या डेकवरची कामं बंद होतात. लुकआउटला लावलं तर दुर्बिणीतून काय दिसलं ते अंदाज न बांधता सांगा: दिशा, अंतर, किती बोटी, किती माणसं, शिडी किंवा हत्यारं दिसतात का. सोमालियाच्या चाच्यांच्या काळात आणि आताच्या काळात मोठा फरक आहे. तेव्हा इंजिन रूममधलं सिटाडेल ही सगळ्यात सुरक्षित जागा मानत. १२ जून २०२४ ला 'ट्युटर' या जहाजाला स्फोटकांची बिनमाणसाची बोट भिडली ती मागच्या बाजूला, इंजिन रूममध्ये पाणी शिरलं आणि एक खलाशी गेला. म्हणून चाच्यांसाठी एक जागा आणि ड्रोन, क्षेपणास्त्र, स्फोटक बोटीसाठी पाण्याच्या रेषेच्या वर, अकोमोडेशनच्या मधोमध वेगळी जागा ठरवलेली असते. कुठल्या घोषणेला कुठे धावायचं, हे पट्ट्यात शिरण्याआधी विचारून घ्या.

आणि करार पुन्हा वाचा, तोही घरून निघण्याआधी. जहाजाला आयबीएफचा (खलाशांच्या युनियन आणि मालकांचा आंतरराष्ट्रीय मंच) करार लागू असेल आणि तो पट्टा युद्धसदृश म्हणून जाहीर असेल, तर तिथे जायला नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि परत पाठवण्याचा खर्च कंपनीचा. गेलात तर मूळ पगाराएवढा बोनस आणि मृत्यू किंवा अपंगत्वाला दुप्पट भरपाई. नकार द्यायचा असेल तर जहाज पट्ट्याच्या तोंडाशी पोचल्यावर मेसमध्ये कुरकुर करून उपयोग नाही. आधीच्या बंदरात, कॅप्टनला, लेखी द्या, आणि प्रत आपल्या युनियनला पाठवा. रेटिंग असाल तर नुसी ही युनियन, ऑफिसर असाल तर एमयूआय. करारावर कुठल्या युनियनचं नाव आहे ते पहिल्या पानावर नाहीतर शेवटच्या परिशिष्टात सापडतं. कुठेच सापडलं नाही, तर मॅनिंग ऑफिसला (भरती करणाऱ्या कंपनीला) मुंबईत असतानाच विचारा.